साडेसतरा नळीच्या पुढे

जानेवारीत मामांचा फोन आला. "चुलवण बुजवतोय. परवा जेसीबी येणारे. बघायचं असलं तर उद्या ये." एवढं बोलून ठेवून दिला. चुलवण म्हणजे आजोबांच्या गुऱ्हाळातली गुळाची भट्टी. मामा चौऱ्याऐंशीचे आहेत. फोनला अजून ट्रंक कॉलचे पैसे पडतात असंच त्यांना वाटतं.

मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं अनुरेखक होते. म्हणजे ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीत काढलेला नकाशा टेबलावर अंथरायचा, वर ट्रेसिंग क्लॉथ ताणून पिना मारायच्या आणि काळ्या शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. पहिल्याच दिवशी आमच्या हेड ट्रेसरनी सांगितलं होतं, "बाई, इथं हात चालवायचा, डोकं नाही. रेघ हलली तर कालवा हलेल." (बाद झालेलं ट्रेसिंग क्लॉथ गरम पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि आत लोण्यासारखं मऊ कापड निघतं. माझ्या दोन्ही मुलांची झबली सरकारी नकाशांची होती.) पुढे कॉम्प्युटर आले आणि शाईच्या बाटल्या कपाटात वाळून गेल्या, तो भाग सोडून देते.

सांगायचं ते असं, की मुठा उजवा कालवा मी इतक्यांदा उतरवलाय की त्याची वळणं हातात बसली आहेत. पर्वतीच्या पायथ्याचं वळण, हडपसरची ओढ, लोणीच्या अलीकडचं पोट. मांजरीपाशी मात्र दर वेळी पेन जरा अडखळायचं. नकाशावर तिथं एक विमोचक, म्हणजे कालव्यातून पाणी सोडायचं दार, त्याचा क्रमांक आणि खाली रानाकडे सुटलेली एक चारी, एवढंच. त्या चारीच्या टोकाला आमच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळाला नकाशात चिन्ह नसतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या गाडीवर मागे बसून निघाले. सोबत पंधरा मीटरचा टेप, लिहायला दुधाच्या हिशेबाची वही. हडपसरच्या गाडीतळापासून साडेसतरा नळीकडे वळलो. हे नाव नवख्या माणसाला पत्त्यातली चूक वाटतं. आजोळी सांगायचे की कालव्याच्या नळ्यांवरून पडलंय. सतरा समजू शकते, पण अर्धी नळी कसली? यावर प्रत्येक मामाचं उत्तर वेगळं होतं. धाकट्या मामांचं मला सगळ्यांत आवडायचं: सतरा नळ्या सरकारच्या, अर्धी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मेव्हण्याची.

इथून पुढे बेबी कालव्याच्या कडेनं जाता येतं. बेबी म्हणतात, पण वयानं तोच थोरला. खडकवासल्याचं दगडी धरण १८७० च्या दशकात बांधलं. कर्नल फाइफ या इंजिनिअरच्या नावावरून तलावाला लेक फाइफ म्हणायचे. पुणे आणि खडकीच्या छावण्यांना पाणी हवं होतं, आणि शेतीला द्यायचं होतं. त्यासाठी काढलेला उजवा कालवा स्वारगेट, हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत पाटसपर्यंत जायचा, सुमारे ७० मैल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं. त्यानंतर वरच्या अंगानं नवा, रुंद कालवा इंदापूरपर्यंत गेला, तो २०२ किलोमीटरचा. त्याच्यापुढे जुना बारका दिसायला लागला आणि नाव पडलं बेबी.

पानशेतच्या वर्षाची गोष्ट आई सांगायची. पुण्यात पूर येऊन गेला, पेठा चिखलात, आणि इकडे मांजरीत लोक आभाळाकडे बघत बसलेले, कारण धरणच नाही तर कालव्याला पाणी कुठलं. ऊस रानात उभा. आजोबांनी विहिरीची मोट पुन्हा जोडली. पूर म्हटलं की आमच्या घरात दोरखंड आणि कातडी मोट आठवते. लक्ष्मी रोडवाल्यांना हे सांगितलं तर ते जरा रागावतातच.

आता बेबी कालव्यात मुख्यतः पुण्याचं सांडपाणी असतं. प्रक्रिया करून, मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून ते यात सोडतात आणि खालची शेती त्यावर भिजते. आम्ही गेलो तेव्हा पुलाखाली साबणासारखा फेस होता आणि जलपर्णीवर दोन पाणकोंबड्या चालत होत्या. भाच्यानं नाकाला रुमाल लावला. मी त्याला आजीचा किस्सा सांगितला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुण्याची म्युनिसिपालिटी मैल्याचं सोनखत करून विकायची. कालव्यावरच्या ऊसवाल्यांनी आधी नाकं मुरडली, नंतर गाड्या जुंपून रांगा लावल्या, कारण पुंड्या ऊस खादाड. त्याला पाणीही बक्कळ लागायचं आणि खतही. आजीला लहानपणी कुणी तरी चिडवलं होतं, तुमच्या उसाला पुण्याची घाण. ती म्हणाली होती, "मग? गूळ कोण खातं? त्यांचं त्यांना परत."

त्या कालव्याची शिस्तही पुण्यातच घडली. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. पाणी चढलं की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा खडकवासल्याला बसले. दख्खनच्या कालव्यांवरची ब्लॉक पद्धतही त्यांचीच. ज्याच्या रानाला कालवा लागून त्यानंच सगळा ऊस करायचा आणि शेपटाकडच्यानं कोरडं बसायचं, हे मोडायला त्यांनी ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक पाडून पिकं फिरवायला लावली. माझ्या लहानपणीही आजोबा "आपला ब्लॉक" म्हणायचे, जसं आता लोक "आपला फ्लॅट" म्हणतात. पाणी मागायचा नमुना सातचा अर्ज, पाळी, पाणीपट्टी, पाटकरी, या शब्दांवर घर चालायचं. पाळी रात्रीची आली की मामा कंदील घेऊन दारं धरायला जायचे आणि सकाळी पाय पांढरे, सुरकुतलेले घेऊन यायचे.

गुऱ्हाळ दिवाळीनंतर लागायचं. मी नाना पेठेत वाढले, त्यामुळे नाताळची सुट्टी म्हणजे गुऱ्हाळ, हे समीकरण. एस्टीतून उतरलं की आधी वास यायचा. कच्च्या रसाचा वास हिरवा असतो, थोडा मातकट. आदण, म्हणजे कढईतला रस, पिकायला लागलं की तो जाड होतो, आणि उतरायच्या वेळी असा होतो की पोटात कालवतं. आम्ही मुलं वासावरून ओळखायचो की आत्ता पळत गेलं तर काकवी मिळेल का उशीर झाला.

चरक लोखंडी, किर्लोस्करवाडीचा. बैलावर चालायचा, पुढे कूपरचं इंजिन आलं. त्याचा टुकटुक आवाज रात्रभर चालू असायचा आणि तो थांबला की झोपेतून जाग यायची. चरकापासून रस पन्हळीतून हौदात, हौदातून काहिलीत. काहील म्हणजे एवढी कढई की तिच्यात आम्ही चौघी बहिणी बसून फोटो काढला होता, अर्थात धुतल्यावर. खाली जमिनीत खोदलेलं चुलवण. त्याच्या तोंडाशी जाळ घालणारा गडी बसायचा आणि वाळलेली चिपाडं आत ढकलत राहायचा. त्याचं काम कुणाला दिसत नाही, पण गूळ काळा पडला की शिवी त्याला. जाळ एकसारखा हवा. कमी पडला तर आदण रेंगाळतं, जास्त झाला तर तळाला लागतं.

राजा मात्र गुळव्या. आमच्याकडे कराडकडचे एक आबा यायचे. दर सालाचे ठरलेले. पांढरं धोतर, कमरेला चुन्याची डबी, तोंडात शब्द नाही. रस तापला की वर काळपट मळी यायची, ती झाऱ्यानं काढायची. मग भेंडीचं पाणी. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत चिकट पाणी निघतं, ते रसात ओतलं की उरलासुरला गाळ त्याला धरून वर येतो. चिमूट चुना. ऊत आला तर तेलाचे दोन थेंब, आणि अख्खी काहील दटावल्यासारखी खाली बसते. शेवटी आबा लाकडी दांड्यानं थोडा पाक घेऊन थंड पाण्यात सोडायचे आणि बोटांत त्याची गोळी वळायचे. ती भांड्याच्या काठावर टाकून आवाज ऐकायचे. टण्ण वाजलं की मान हलवायचे. त्या मानेवर आठ माणसं उठायची, कडीत बांबू घालून काहील गूळ निववायच्या वाफ्यावर कलंडायची, आणि पुढची दोन-तीन मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. मला नोकरीत पुष्कळ इंजिनिअर भेटले. इतक्या शांतपणे निर्णय घेणारा एकही नाही.

दहा मण उसाचा एक मण गूळ, हा ठोकताळा. ढेपा गोणपाटात शिवून बैलगाडीनं, नंतर टेम्पोनं भवानी पेठेत. आजोबा येताना खारी आणि रॉकेल आणायचे. ऊस बदलत गेला तसा गूळही बदलला. पुंड्या मी फक्त चावून खाण्यापुरता पाहिला, परसात चार खुंट आजीनं ठेवले होते. माझ्या वेळी ४१९ आणि मग ७४० नंबरचा ऊस. आजी दोन्हींना नावं ठेवायची, दात दुखतात म्हणून. थेऊरला साखर कारखाना निघाला आणि ऊस हळूहळू तिकडे वळला. कारखाना तोडून नेतो, वजन करतो, गुळव्याची मिजास नाही, भावाची धाकधूक कमी. आमच्या गुऱ्हाळात शेवटचं आदण निघालं ते १९७६ च्या फेब्रुवारीत. मला साल पक्कं आठवतं, मी आठवीत होते आणि त्या दिवशी माझा हात भाजला होता. खूण अजून आहे.

मांजरीत उसाचा अभ्यास मात्र थांबला नाही, हे गमतीचं. इंग्रजांच्या काळात मांजरी फार्मवर उसाचे प्रयोग चालायचे. १९३२ साली ते काम नीरेकाठी पाडेगावला गेलं. १९७५ साली साखर कारखान्यांची संस्था निघाली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तीही मांजरीतच. शेजारी द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांच्या रसाच्या एका वाणाचं नाव 'मांजरी मेडिका'. गावात ऊस बघायला मात्र आता बांधाबांधानं हिंडावं लागतं.

मुंढव्याची पेपर मिल ही आमच्या टापूतली दुसरी मोठी चिमणी. डेक्कन पेपर मिल्स कंपनी १८८५ सालची आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून रे पेपर मिल. त्या काळचा कागद चिंध्यांवर व्हायचा. म्हणजे पुण्याचं फाटकं लुगडंसुद्धा नदीच्या खालच्या अंगालाच यायचं. आजी भोंग्यावर भाकऱ्या टाकायची. गावात घड्याळं फार नव्हती.

मगरपट्ट्यावरून गेलो तेव्हा भाचा म्हणाला, "हे पण शेतच होतं ना?" होतं. सुमारे ४०० एकर, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं. त्यांनी जमीन बिल्डरला न विकता एकत्र करून कंपनी काढली आणि त्यात भागीदार झाले. टॉवर मला आवडत नाहीत, पण तिथले मालक अजून तिथलेच आहेत. आमच्या आजोबांच्या अकरा एकरांचं असं झालं नाही. तीन मामा, मग सात मुलगे, दोन कोर्टात, एक दुबईत. मोठ्या मामांकडे उरले अडतीस गुंठे आणि त्यात गुऱ्हाळ.

मांजरी बुद्रुक २०२१ साली महापालिकेत गेलं. आता मिळकतकराची बिलं येतात. मामांचा मुलगा त्या अडतीस गुंठ्यांत लॉन वाढवतो आहे. शेजारी त्याचं मंगल कार्यालय आहेच. फाटकातून आत गेलो आणि मी थांबलेच. कमानीखाली आमची काहील ठेवली होती. काळीभोर घासलेली, पाण्यानं भरलेली, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगणाऱ्या पणत्या. आदल्या रात्रीचं रिसेप्शन झालं होतं. एका पाकळीवर मुंगळा फिरत होता, कदाचित त्याला कळलं असेल.

मला राग यायला हवा होता. आला नाही. चरक भंगारात किलोवर गेला, काहील निदान लग्नात मिरवते आहे.

पुण्याच्या वारसा यादीत वाडे आहेत, देवळं आहेत, चर्च आहेत, पूल आहेत. प्रत्येकाला श्रेणी. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, शनिवारवाड्याच्या भिंतीला पाणी मारताना पाहिलं की मलाही बरं वाटतं. पण आमच्या टापूत नक्षीची चौकट कुठून आणायची? इथलं सगळं कामाचं होतं. दगडी विमोचक, चारीवरची मोरी, पाटकऱ्याची खोली, चुलवण. कामाची वस्तू काम संपलं की कुणी ठेवत नाही, तिच्या जागी दुसरी कामाची वस्तू येते. आजोबांनीही गुऱ्हाळ बांधताना तिथली जुनी खळ्याची जागा मोडली होती आणि त्यांना वाईट वगैरे वाटलं नव्हतं. मला फक्त एवढंच वाटत होतं की बुजायच्या आधी त्याचा एक नकाशा असावा. मला दुसरं येतंय काय?

मामा आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. मी चहा घेतला आणि टेप काढला. भाच्यानं एक टोक धरलं. चुलवणाच्या आत रानतुळस माजली होती, ती आधी उपटली. विटा आतून काचेसारख्या चकाकत होत्या, पंचवीस-तीस वर्षांच्या जाळानं. तोंडापासून चिमणीच्या बुडापर्यंत साडेएकवीस फूट. काहिलीच्या बसकणीचा व्यास आठ फूट चार इंच. खोली मोजताना टेप मातीत रुतला, म्हणून तिथं 'अंदाजे' लिहिलं. वाफ्याचा दगड एका बाजूला तडकलेला. चिमणीची वरची बाजू १९९३ च्या भूकंपाच्या आसपास कधी तरी पडली म्हणे, मामांच्या मते भूकंपानं, मामींच्या मते माकडांनी.

मी वहीत आराखडा काढला, मापं टाकली आणि मामांना दाखवला. त्यांनी चष्मा बदलून नीट पाहिला. बराच वेळ.

"फूट-इंच बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. "पण तोंड कुठं हाय, ते कुठं लिहिलंय?"

"हे काय, इथं."

"आगं, तसं नाय. कुठल्या दिशेला?"

मी उत्तर दिशा दाखवायला विसरले होते. छत्तीस वर्षांत एकाही नकाशावर उत्तरेचा बाण काढायचा राहून गेला नसेल, आणि घरच्या नकाशावर राहून गेला. मामांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली. चुलवणाचं तोंड उगवतीला, चिमणी मावळतीला. गुऱ्हाळ चालायचं थंडीत आणि थंडीत पहाटेचं वारं उगवतीकडनं. वारं तोंडातून आत शिरायचं, जाळ पुढे ओढायचं आणि चिमणीतून बाहेर पडायचं. जाळ घालणाऱ्या गड्याच्या डोळ्यांत धूर जायचा नाही. आजोबांनी पहिल्या साली तोंड दक्षिणेला केलं होतं, जाळ घालणारा गडी तीन दिवसांत पळून गेला, मग मोडून पुन्हा बांधलं.

"मग धूर कुठं जायचा?" भाच्यानं विचारलं.

मामांनी काठी उचलून हडपसरच्या टॉवरांकडे केली. "तिकडंच. पुण्याला."

मी वहीत उत्तरेचा बाण काढला. मग चिमणीपासून मावळतीकडे आणखी एक बाण काढला आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: धूर.